बोलायचं नाही, फक्त टाइप करायचं

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाच शटरमागे दोन धंदे चालायचे. उजवीकडे काचेच्या दाराचं एसटीडी-आयएसडी बूथ, डावीकडे इंटरनेटचे चार कॉम्प्युटर. माझा मोठा भाऊ वेल्डर म्हणून आखातात गेला होता. नेटवरून त्याच्याशी फुकटात बोलता येतं, असं कॉलेजात ऐकलं आणि मी मायला घेऊन तिथे गेले. पाहते तर मालकाने चारही कॉम्प्युटरचे माइक काढून ठेवलेले.

"टाइप करा की खुशाल. बोलायचं असंल तर बूथमध्ये जा," तो म्हणाला. "नेटच्या लाइनचा खर्चा मी भरून राह्यलो. तुम्ही फुकट बोलले तर मंग बूथला कुलूप लावू का?"

तासाचे दुप्पट पैसे देते म्हटलं, तरी न्हाईच. एकाला दिलं की सगळे मागतील, म्हणे. त्यालाही पोट होतं, हे मला कळतं. पण दादा आज या जगात नाही, आणि त्या माणसावरचा माझा राग काही जात नाही.

दादा नुकताच आखातात पोचला, तेव्हा बूथमधूनही आम्ही एकदा बोललो होतो. मीटरवर बिलाचे लाल आकडे पळायला लागले तशी माय बिचकली. "जप रे बाबा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मग दर रविवारी मी टाइप करायची आणि दादाचं उत्तर वाचून दाखवायची. मायला वाचता येत नव्हतं. ती शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहायची.

"तब्येत बरी हाय का, विचार."

विचारलं. उत्तर आलं.

"'हो' म्हणाला."

"कसं म्हनला?"

"अगं, 'हो' म्हणाला. बस्स."

"पर कसं?"

मी वैतागायची. पडद्यावर दादा प्रत्येक रविवारी मजेतच असायचा.

शेवटी तो परत आला. स्टेशनवर उतरून "माय, आलो" एवढंच बोलला. आवाज पार बसलेला, छातीत घरघर. मायने पिशवीला हातही लावला नाही.

"कवापासून दुखून राह्यलं रे?"

दादा खोकत खोकत पिशवी उचलायला वाकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "फार उशीर केलात. आधी काहीच कळलं नाही?"

"एक हाक ऐकू आली असती तर कळलं असतं, साहेब," माय म्हणाली.