शेजारणीच्या स्वस्त फोनमधला आवाज
नातवंडांनो, आज तुरीच्या शेंगा सोलताना तोच हिरवा वास आला, म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी, त्या दिवशीही मी सोसायटीच्या बाकावर शेंगाच सोलत होते. गुजराती शेजारणीने तिच्या स्वस्त फोनवर परदेशातल्या नातवाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं तिसऱ्यांदा लावलं, "बा, तमे जल्दी आवो," म्हणजे आजी, तू लवकर ये. मग मला म्हणाली, "बेन, टॉर्च, रेडिओ, बधुंच, सगळंच आहे ह्यात. तुमच्या मोंघ्या फोनमध्ये रेकॉर्डिंग नाही?" नव्हतं. मी इतकी जळले की दुसऱ्याच दिवशी तसलाच फोन आणला. रविवारी तुमचा फोन आला, तेव्हाचं बोलणं रेकॉर्ड केलं, तिला ऐकवण्याआधी स्वतः ऐकलं, तर सगळं मीच बोलत होते, शेवटी तुमच्यापैकी कोणीतरी म्हणालं, "आजी, ठेवू का?" तिला ते कधीच ऐकवलं नाही. माझ्या त्या जुन्या फोनवरून आता कॉल लागत नाही, पण "आजी, ठेवू का?" अजून स्पष्ट ऐकू येतं.