नाव बदललेलं मशीन

शुद्धलेखन आणि अक्षर, दोन्हींबद्दल आधीच माफी मागते, जरी हे कागद माझ्याशिवाय कुणी वाचणार नसलं तरी. मी चौथीपर्यंत शिकले, तीही कन्नड शाळेत. बाळबोध अक्षरं वडिलांनी घरी शिकवली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकायचं, आताही चुकतं. पण जे झालं त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही, आणि चारचौघांत बोलून दाखवायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाचा मैसूरात बन्नीमंटपला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम तो ज्या मॅकवर करतो, ते जुनं झालं होतं. अल्बमच्या सॉफ्टवेअरला नवी सिस्टिम हवी होती, आणि ती या मशीनला मिळत नव्हती. मशीन मात्र धडधाकट, आणि नवं घ्यायला हातात पैसा नाही. माझी मुलगी कॉम्प्युटर शिकलेली. बोगादीला आमच्या घरात बसून तिने जुन्या मॅकवर नवी सिस्टिम घालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो तिने मामाच्या मशीनवर चढवला.

मी भाजी निवडता निवडता विचारलं, "मिळत नाही म्हणतात, मग तुला कशी मिळाली?"

"सोपं आहे, आई. सुरू होताना सिस्टिम विचारते, तू कोणतं मशीन? माझा प्रोग्राम मध्ये उभा राहतो आणि नव्या मशीनचं नाव सांगतो. मग ती आत घेते."

"अय्यो! म्हणजे खोटं सांगतेस?"

"लग्नात तुझं नाव नव्हतं बदललं? तांदळात लिहून?"

माझं माहेरचं नाव कित्येक वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. ते असं मशीनच्या गोष्टीत निघेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

काही महिने सगळं ठीक चाललं. मग आयुधपूजा आली. भावाने स्टुडिओ धुतला, कॅमेऱ्यांना, स्कूटरला गंध लावलं. मॅकची पाळी आली तर पडद्यावर लाल ठिपका. अपडेट आलेलं. आपल्याला विचारल्याशिवाय ते दाबायचं नाही, असं मुलीने त्याला बजावलं होतं. पण पूजेला बसणारं मशीन तसंच शिळं कसं ठेवायचं? स्कूटर धुतली तसं त्याने तेही दाबलं.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा मशीन बंद होऊन परत सुरू होत होतं. काळ्या पडद्यावर एक गोल आला, त्यात तिरपी रेघ. रस्त्यावर मनाईची पाटी असते तसा. वर झेंडूची माळ, कुंकवाचा टिळा, आणि मध्ये तो गोल.

"अक्का, मी सुम्मने, उगाच एकदाच दाबलं ग," भाऊ म्हणाला, जणू मी काही करू शकणार होते.

मुलगी धावत आली. तर हा आडवा उभा. "पूजेला ठेवलंय. आज हात लावायचा नाही."

"मामा, हळदीकुंकवाने नाही उठायचं ते!"

"उठेल. तुझ्यापेक्षा चामुंडेश्वरीवर माझा भरवसा जास्त आहे."

त्या मशीनमध्ये एका लग्नाचा पानन् पान मांडलेला अल्बम होता, दोन दिवसांत द्यायचा. डिस्कला कुलूप, त्यामुळे बाहेरून काही काढताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. पंजाच्या, म्हणजे मशालींच्या कवायतीसाठी रस्ते अडवलेले, अर्धी वाट चालत गेलो. भावाने पूजा उतरवली. मुलीने एक बटण दाबून धरत मशीन सुरू केलं. "अपडेटने माझ्या प्रोग्रामला बाजूला सारलं," ती म्हणाली. "म्हणून याने आपलं खरं नाव सांगितलं आणि अडकलं." तिने आपला प्रोग्राम निवडला. पांढरी रेघ सरकू लागली. मी देवाचं नाव घेतलं. रेघ अर्ध्यावर आली आणि मशीन विझलं. परत सुरू, परत अर्ध्यावर, परत विझलं.

"शाब्बास," भाऊ म्हणाला. "काल दार बंद होतं, आज दारात फुगडी चाललीय."

गिऱ्हाईक ठरल्या दिवशी आलं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं कन्नडमधून बोललं आणि उचल परत घेऊन गेलं. भावाने ती खर्चून टाकली होती, उसनवारी करून दिली. मग तो मुलीला नाही, मला म्हणाला, "अक्का, तुझ्या पोरीच्या प्रयोगाला माझंच दुकान सापडलं काय?"

तो माझ्याशी असं कधीच बोलला नव्हता. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच.

"ते पैसे मी देईन, मामा," मुलगी म्हणाली.

"दे," एवढंच बोलून तो आत गेला. त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं.

आणि मग कळलं की हाच प्रोग्राम तिने इंटरनेटवर ठेवलाय. कुणीही घ्यावा. फुकट! मी दूधवाल्याशीही आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी ओरडले. "मामाचं देणं डोक्यावर आणि तू जगाला फुकट वाटतेस?"

"अगं, जितके वापरतील तितकी चूक लवकर सापडेल."

मला ते पटलं नाही. पण काही दिवसांनी ती हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. कुठल्याशा देशातल्या एका माणसाने तिला लिहिलं होतं. तसंच जुनं मशीन, तेच अपडेट, रेघ तिथेच अर्ध्यावर. त्याने प्रोग्रामचा एकेक तुकडा काढून पाहिला होता. चित्र दाखवणारा जुना तुकडा नव्या सिस्टिमशी भांडत होता. न पाहिलेला, न ऐकलेला माणूस आमच्यासाठी इतकं करून बसला होता! मी कढई उतरवायची विसरले.

ती दुरुस्ती घेऊन आम्ही स्टुडिओत गेलो. भावाने नुसती खुर्ची सरकवली. रेघ अर्ध्याच्या पुढे गेली. मी पदर तोंडात धरून उभी. पडदा उजळला. अल्बम जागच्या जागी होता.

भाऊ स्टुलावर बसला. पडद्याकडे वाकून म्हणाला, "आहे की."

पण गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. पैसे गेलेच होते.

मग जयलक्ष्मीपुरमच्या, असंच जुनं मॅक असलेल्या एका स्टुडिओवाल्याला भावानेच तिच्याकडे धाडलं, नंतर आणखी काहींना. ती त्यांच्याकडून पैसे घेऊ लागली.

"जगाला फुकट, आणि मैसूरकरांना बिल?"

"बिल मेहनतीचं, मामा. प्रोग्राम फुकटच आहे."

प्रत्येक कामातून थोडे थोडे ती त्याला देत राहिली. शेवटचे द्यायला मीही बरोबर गेले. "राहू दे ग," तो म्हणाला. तिने नोटा काउंटरवर ठेवल्या आणि हात मागे घेतला. त्याने बोटाला थुंकी लावून मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुरे फिटले, अक्का."