खाचरातलं मैदान

जकात नाक्यावरचा आडवा बांबू तो हातानं कधी उचलायचाच नाही. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला असे. त्यावर टाच दाबली की दुसरं टोक वर, गाडी आत.

"हवालदार, हात मोडलेत का?" मी विचारायचो.

"हात गोल अडवायला लागत्यात भाऊसाहेब. उगं झिजवायचं कशाला?"

मी भोरच्या म्युनिसिपालिटीत नाक्याचा कारकून, तो शिपाई. हवालदार तो खरा कधीच नव्हता. जर्मन लढाईत साधा शिपाई म्हणून बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता, पण मिशी अशी जबर की लोकांनीच त्याला परस्पर बढती देऊन टाकली. तिकडं गोऱ्यांबरोबर तो फुटबॉल शिकला आणि ते खूळ त्यानं आमच्या गावात आणलं. तुमच्याही गावात असा एखादा खुळा असेलच. नसेल तर तुमचं नशीब फुटकं, दुसरं काय!

आमचा क्लब नदीकाठच्या उतारावर अनवाणी खेळायचा. चेंडू सुटला की थेट नीरेत. निम्मा खेळ काठावर आणि निम्मा पाण्यात चालायचा. मला पळायचं म्हटलं की धाप लागायची, म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. हवालदार गोलात उभा राहायचा आणि तिथून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "म्होरं बगा रं, म्होरं! खाली काय मोहरा पडल्यात व्हय?"

शेवटी आम्ही म्युनिसिपालिटीकडं मैदानासाठी मदत मागितली. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, शिस्तीचे आणि तोंडानं फटकळ. त्यांना त्या जागेवर बैलबाजार हवा होता. तरी सभासदांच्या आग्रहाखातर त्यांनी खर्च मंजूर केला आणि वर अट घातली. "जागा सपाट करा. एका बाजूला लोकांना बसायला दगडी बैठक बांधा. दिवाळीनंतर मी स्वतः सामना बघायला येईन. पसंत पडलं तर जागा क्लबाची, नाहीतर बैलांची."

सगळे नाचत बाहेर आले, हवालदार मात्र खाली मान घालून मागून आला. नाक्यावर आल्यावर म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या पासली गावचा सखाराम माझ्या संगं पलटणीत व्हता. डाव्या अंगानं असा पळायचा की गोरं तोंड वासून बगायचं. त्येला म्या बोललो व्हतो, घरी गेलो की आपल्या मातीत मैदान करू. त्यो लढाईत तिकडंच ऱ्हायला. आता हितं बैल बांधलं तर म्या त्येला काय सांगू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पाहिलं, म्हणून मला त्याचाच राग आला.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यावर त्यानं पासलीहून आपले भाऊबंद बोलावले. ती सगळी भातशेतकरी माणसं. जमीन सपाट करायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उतार खोदला, पावसाचं पाणी साठवलं, बैल घालून चिखल केला, फळी फिरवली. पाणी कुठं उथळ कुठं खोल हे बघत रान असं एकसारखं केलं की डोळे निवावेत. पण सवय जाते कुठं! बांध नाही असं भाताचं खाचर त्यांच्या बापजाद्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चारी बाजूंनी कमरेएवढा बांध घातला, वर बैठकीचे दगडही त्याच बांधात चिणून टाकले! एका म्हाताऱ्याजवळ भाताची मूठभर रोपं उरली होती. ती त्यानं कोपऱ्यात लावली.

म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर काम बघायला आला आणि किंचाळलाच. "अरे, हे मैदान आहे की खाचर?"

"दोनी हाय सायेब," म्हातारा म्हणाला. "रोप वाया घालवू नये."

दिवाळीपर्यंत चिखल वाळला, चोपण्यांनी चोपला. कोपऱ्यातलं भात कापून झालं. पण बैठक कुठं होती? माझी झोप उडाली. हवालदार मात्र बांधावरून येरझाऱ्या घालत मिशी पिळत होता.

सामन्याला पुण्याहून बूटवाला संघ आला. पासलीहून तर अख्खी वाडी भाकऱ्या बांधून आली, 'आपलं खाचर' बघायला. त्यांत सखारामची आई होती.

अध्यक्षांनी चौफेर बघितलं. "बैठक कुठंय?"

"हीच की सायेब! एका अंगानं सांगितली व्हती, चारी अंगानं केली," म्हणत हवालदारानं बांधावर घोंगडी पसरली. अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून टेकले. मी मनात म्हटलं, संपलं, उद्या बैल.

अहो, पण काय सांगू! चेंडू बांधावर आपटून परत आत यायचा. नीरेत एकदाही गेला नाही. बाया ओरडत होत्या, पोरं बांधावरून घरंगळत होती, आणि आमचे अध्यक्ष पुण्याच्या पोरांना सगळ्यांच्या वर आवाज चढवून शिव्या घालत होते! एकदा चेंडू त्यांच्याच पायाशी आला. त्यांनी धोतर सावरून अशी लाथ हाणली की चेंडू राहिला तिथंच आणि जोडा गोलाकडं उडाला. हवालदारानं आडवी उडी घेऊन जोडा झेलला. बांध हसून हसून लोळला. हवालदारानं जोडा झटकून त्यांच्या पायात घातला. अध्यक्षांना हसू आवरेना. "जागा तुमची! बैलांचं बघू कुठंतरी!"

सामना आम्ही पाच-शून्यनं हरलो. त्याचं कुणाला सोयर ना सुतक.

माणसं पांगू लागली तशी सखारामची आई खाली उतरली. "माजा सकाराम कुटं उबा ऱ्हायला असता रं?"

हवालदारानं तिला हात धरून डाव्या बाजूला नेलं. "हितं, आये."

ती तिथं उभी राहिली. पायांनी माती चाचपली. जाणारी माणसं थबकली. हवालदारानं चेंडू तिच्या पायाशी ठेवला, मागं मागं जात गोलात उभा राहिला आणि ओरडला, "मार आये! म्होरं बग आन् मार!"

म्हातारीनं ओचा खोवला आणि पाय मारला. चेंडू हळूहळू, रेंगाळत निघाला. हवालदारानं तोपर्यंत भलत्याच बाजूला अशी झेप घेतली की धुळीचा लोट उठला.

"गोल!" अध्यक्षच सगळ्यांत आधी ओरडले. मग सगळा बांध ओरडला. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती, रडत होती.

हवालदार जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या सामन्याचं कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "पाच-एक." मी सेक्रेटरी, मला खरा आकडा पाठ. पण तुम्ही मला विचारलंत, तर मीही पाच-एकच सांगणार.