घड्याळ कुणी चालू केलं?

"घड्याळ बंद पडलंय!" मी असा ओरडलो की कारेगावातला आवाज दौंड जंक्शनला पोचला असणार. जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर मी जेवणाच्या टेबलावर स्वतः जोडत होतो. आज तो चालला नाही तर भंगारात, असा बायकोचा हुकूम होता, आणि भंगारवाला खाली येऊन उभाही होता. बोर्डावरचं घड्याळ म्हणजे शेंगदाण्याएवढा क्रिस्टल. त्यानं ठोके दिल्याशिवाय चिप ढिम्म हलत नाही.

ओरडा ऐकून मांडवगणहून आलेले सासरे स्टूल शोधायला धावले. मी मीटर लावला. पाच व्होल्ट हवे तिथं जेमतेम चार! जुन्या चार्जरची वायर इतकी बारीक, की वीज तिच्यातून रांगत येत होती. मी जाड वायर सोल्डर केली. क्रिस्टल असा धडधडला की कंपनीचा भोंगा लाजला. लाल दिवा लुकलुकला, बायकोनं भंगारवाल्याला वाटेला लावलं.

"चाललं घड्याळ!" मी नाचलो.

भिंतीवरच्या घड्याळापाशी स्टुलावर चढलेले सासरे सावकाश खाली उतरले.

"न चालायला काय झालं, जावईबापू? नवा सेल घातलाय म्या."