कोऱ्या थरावरचं शिखर

"हात पुढं कर," सर म्हणाले. मी केला. त्यांनी मनगट धरून माझा हात लॅबमधल्या सीनियर विद्यार्थ्याच्या नाकाशी नेला. "घे वास. मटणाचा येतोय का बघ."

सीनियर हसला. मागचे तिघंही हसले. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. फक्त तो हात आपला वाटेना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंडच्या रेल्वे फिटरची मुलगी मी, रोज गाडीनं पुण्याला जाऊन संशोधन करत होते. निर्वात चेंबरमध्ये काचेवर ॲल्युमिनियमची पट्टी चढवायची, तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर, थरावर तपासायचे रेणू, वर शिशाची पट्टी. हा जोड द्रव हेलियममध्ये बुडवून वीज सोडायची. थरातून आरपार जाताना इलेक्ट्रॉन रेणूला हलवतात. ती थरथर ठरावीक व्होल्टेजला शिखर होऊन कागदावर उमटते. त्या दिवशीचा जोड कोरा होता, रेणू घातलेच नव्हते. तरी कार्बन-हायड्रोजनचं शिखर आलं. म्हणजे कुठून तरी तेलकटपणा शिरला होता. चेंबरची हवा ओढणाऱ्या पंपाच्या तेलानंही असं होतं, हे सरांनीच शिकवलेलं. पण पंपाला कुणी विचारलं नाही.

सर शिरूरकडचे, बड्या बागायतदाराच्या घरातले. सेमिनारमध्ये भाषा पुस्तकी. माझ्याशी गावची. "तुमच्यात काय काय शिजतं मला ठावं हाय. उद्यापास्नं चेंबरला हात लावायचा न्हाई. हेलियमचं भांडं तेवढं आणत जा."

मी हात साबणानं घासू लागले. मग धुण्याच्या सोड्यानं. कातडी फाटली. घरी मटण शिजलं की मी उपाशी झोपायची. एका रविवारी अम्मी माझ्या केसांना तेल लावायला बसली. मी तिचा हात झटकला. "नको. लॅबमध्ये घाण जाते."

तिनं बाटलीला बूच लावलं. "माझ्या हाताची घाण व्हय?"

सरांचं बोलणं आता माझ्या तोंडून येत होतं, तेही माझ्या आईला. संताप आला. आधी स्वतःचा, मग त्यांचा. तो अजून गेलेला नाही.

सोमवारी मी सरळ चेंबरकडे गेले. सर आडवे आले. "आधी नळावर हात धू. सगळ्यांम्होरं."

"न्हाई धुणार," मी म्हणाले. "जोड मीच करणार. शिखर आलं तर पंप खोलू. माझा हात कुणी हुंगायचा न्हाई."

सीनियर कुजबुजला, "एकदा स्वच्छ जोड करून दाखव ना. सिद्ध होईल."

"का करू? तुझा हात कुणी हुंगला का?"

"मग दुसरा गाईड बघ," सर म्हणाले.

"बघते. का बघते, तेही विभागप्रमुखांना सांगते. तुमच्या देखत."

सांगितलं. गाईड बदलला, केलेलं काम पाण्यात गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या शिखराचं कारण पुढं सापडलं. ते मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर पोरगी निर्दोष होती म्हणून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकाल. चूक माझी असती, तरी माझं मनगट धरायचा हक्क त्यांना नव्हता. तो मी कुणालाच देणार नाही.