ओली सुकट
कुणी वाचलंच तर शुद्धलेखन आणि वाईट अक्षर माफ करावं, मी चौथीच शिकले आहे. सुकटीचा वास आला की मुरबाडचा बाजार आठवतो, तिथे मी ही सुकी मासळी विकायचे. सकाळी प्रार्थना करून निघायचे आणि वजन वाढावं म्हणून सुकटीवर पाणी शिंपडायचे. एका म्हातारीने पावसाळ्यासाठी दोन किलो घेतली. म्हणाली, “तू येशूवाली गो, तुझा काटा काय बघायचा?” महिन्याने बुरशी आलेली सुकट दाखवून म्हणाली, “माझंच चुकलं, नीट झाकली नाय.” मी नुसती मान हलवली. रविवारी प्रार्थना तोंडातून निघेना. पुढच्या बाजारी तिला पाण्याचं सांगितलं. “मग तवाच का नाय बोललीस?” तिने विचारलं. आज लिहितानाही मान खाली जाते. मी दोन्ही किलोंचे पूर्ण पैसे तिच्या हातावर ठेवले.