कुजबुजमावशींची भरलेली खोली

कुजबुजमावशींना विंगेत बसून चाळीस वर्षं झाली होती, आणि या चाळीस वर्षांत त्यांनी एकही नाटक लेखकाने लिहिलं तसं होऊ दिलं नव्हतं. मंडळी सगळी हौशी. कुणी दिवसभर पाव भाजून तालमीला यायचं, कुणी नळ दुरुस्त करून, आणि पाठांतराच्या नावाने सगळ्यांचीच बोंब. नट अडला की विंगेतून मावशींची कुजबुज यायची आणि नट ती जशीच्या तशी बोलून टाकायचा. ती पुस्तकातलीच ओळ असेल याची मात्र हमी नसे. एखादा नवरा तिसऱ्या अंकात बायकोला फारच टाकून बोलायला लागला, की मावशी त्याच्या तोंडी ‘चुकलं माझं’ घालून मोकळ्या व्हायच्या. मग नाटकातली बायको गोंधळून विंगेकडे बघायची, तर तिची ओळही तिथे तयार असायची.

बेकरीवाला हा मावशींचा हुकमी नट. आवाज भरदार, पाठांतर शून्य. तीस वर्षांत त्याने मावशींच्या जिवावर सात राजे आणि चार वकील केले होते. मावशींचं बोलणं त्याच्या कानातून थेट तोंडात उतरतं, मधे डोकं लागत नाही, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी नदीपलीकडच्या लढाईतून पळून आलेली अकरा कुटुंबं जुन्या शाळेत उतरली होती. शाळेची इमारत धोकादायक, पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी पाडायची ठरलेली. दहा कुटुंबांची कुठे ना कुठे सोय लागली. उरल्या एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची सासू. गावात खोली मिळाली नाही, तर सासू एका शहरातल्या वृद्धाश्रमात आणि सून दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात जाणार होती. नगरपालिकेने घरोघर कागद पाठवला होता, ‘आपल्याकडे रिकामी खोली आहे का?’

मावशींकडे होती. मुलगा परदेशी गेल्यापासून त्याच्या खोलीत चाळीस वर्षांच्या नाटकांच्या प्रती साठल्या होत्या. पलंगावर, पलंगाखाली, खिडकीत, सगळीकडे पेन्सिलने सुधारलेले कागद. मावशींनी चष्मा लावून ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘रिकामी नाही.’

“खोटं लिहिलंत, वहिनी,” नणंद म्हणाली. ती त्यांच्याच घरी राहायची आणि तोंडाने फटकळ होती.

“खोटं कसं? जा, बघून ये. पाय ठेवायला जागा नाही.”

“माणसांना नाही. उंदरांची मात्र चांगली चंगळ आहे.”

मावशींना ते लागलं. पण कबूल करतील तर त्या मावशी कसल्या!

नव्या शाळेतल्या तरुण मास्तरीणबाईंनी त्याच सुमारास नाटकाचा घाट घातला. पळून आलेल्यांबद्दल गावात न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळे बोलत, फक्त त्यांच्याशी कुणी बोलत नसे. “आपण अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक शोकांतिका करू,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “स्वतःबद्दल बोलायला लोक कचरतात. त्या गावाबद्दल बिनधास्त बोलतील. नाटकानंतर चहा आणि चर्चा.”

गोष्ट साधी होती. जळालेल्या नगरातून पळालेल्या बायका एका वेशीवर येऊन आसरा मागतात. राजा म्हणतो, गावाला विचारतो. गाव तीन दिवस वाद घालतं. दार उघडतं, तेव्हा बाहेर कुणीच उरलेलं नसतं.

“पहिल्याच दिवशी दार उघडलं तर?” मावशींनी पेन्सिल सरसावली. “नाटक पंधरा मिनिटांत आटपेल आणि चहाही गरम मिळेल.”

मास्तरीणबाईंनी त्यांची पेन्सिल काढून घेतली आणि मूळ ओळीच सांगण्याची शपथ घातली.

नाटकातल्या वेशीवरच्या बायकांत ती शिवणकामवालीही होती. तिची एन्ट्री मावशींच्या विंगेतून, त्यामुळे तालमीत दोघी शेजारी बसायच्या. एकदा तिने मावशींची जुनी, पानं सुटलेली एक प्रत उचलली, समासातली पेन्सिल बघितली आणि विचारलं, “हे तुम्ही लिहिलं?”

“लेखक घाईत होता. मी थोडा हातभार लावला.”

ती खुदकन हसली. मग सुई-दोरा काढून तिने ती सगळी प्रत पाठीकडून पक्की शिवून दिली. अशा चारशे प्रती घरी पडल्यात, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घर म्हटलं की खोलीचा विषय निघाला असता. मावशी गप्प बसल्या आणि त्या गप्प बसण्याची त्यांना लाज वाटली.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. मावशींनी शपथ पाळली. नंतर चर्चेत लोकांनी त्या ग्रीक गावाची यथेच्छ खरडपट्टी काढली. “तीन दिवस? मूर्ख लेकाचे!” निवृत्त पोस्टमन ओरडला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा रंगमंचावरून शिवणकामवाली पुढे आली. “गाव मूर्ख नाही,” ती म्हणाली. “गाव घाबरलं. आमच्या गावात कुणी आलं असतं, तर मी पण खिडकीतून नुसतं बघितलं असतं. या शुक्रवारी शाळा पाडणार. सासूबाईंना माझ्याशिवाय जेवण जात नाही. आम्हाला एक खोली पाहिजे.”

कुणी खोकलं नाही, खुर्ची वाजली नाही. बेकरीवाला राजाचा मुकुट घालून मधोमध उभा होता. शांतता पसरली की त्याला एकच उपाय माहीत होता. त्याने विंगेकडे बघितलं. आणि अडलेला नट दिसला की मावशींना तरी कुठे धीर निघायचा? शपथ राहिली बाजूला. त्या कुजबुजल्या, “माझ्याकडे खोली आहे.”

“माझ्याकडे खोली आहे!” बेकरीवाला गरजला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतून त्याची बायको ताडकन उठली. “कुठली हो खोली? दोन खोल्यांत आपण आठ माणसं!”

बेकरीवाल्याने मुकुट काढला. तो विंगेपाशी गेला आणि पहिल्यांदाच डोकं वापरून बोलला. “मावशी, तीस वर्षं तुम्ही द्याल ते बोललो. पण ही ओळ माझी नाही.”

सगळं सभागृह विंगेकडे बघायला लागलं. मावशींनी प्रत उघडली, पान उलटलं, पुन्हा उलटलं. लोक अडतात तेव्हा त्यांना कसं होतं, ते आज मावशींना कळलं.

मागून, चहाची किटली हातात घेतलेल्या नणंदेची कुजबुज आली. “माझ्याकडे… म्हणा ना, वहिनी.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मावशी उजेडात आल्या. “माझ्याकडे खोली आहे.”

“ऐकू आलं नाही!” मागून कुणीतरी ओरडलं.

“माझ्याकडे खोली आहे!” मावशी खेकसल्या. मग शिवणकामवालीकडे वळून जरा नरमल्या. “पण फार पसारा आहे गं. आवरायला वेळ लागेल. दोन-तीन दिवस…”

“तीन दिवस?” ती म्हणाली.

मावशींनी हातातली प्रत मिटली.

“आज,” त्या म्हणाल्या. “चहा झाला की सासूबाईंना घेऊन ये. आणि सुई-दोरा आण. भरपूर आण.”